मीठ, कोळसा आणि घूं घूं

गिटार वाजवणाऱ्या माणसाबद्दल लोकांचे जे काही समज असतात, त्यातला एकही मला लागू पडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझे केस लांब नाहीत. आखूडही नाहीत, कारण मुळात फारसे केसच नाहीत. मी वजन-मापं खात्यात निरीक्षक आहे आणि वाजवतो ती हवाईयन गिटार. म्हणजे मांडी घालून बसायचं, गिटार मांडीवर आडवी घ्यायची आणि पोलादी पट्टी तारांवरून सरकवायची. इतकं सभ्य वाद्य आहे की धोतर नेसूनही वाजवता येतं. तरीसुद्धा आमच्या सोसायटीत ‘पेडणेकर गिटार वाजवतात’ हे वाक्य ‘पेडणेकर हल्ली घेतात’ याच सुरात म्हटलं जातं.

घरी मला श्रोता एकच, आमची कुंदा. लग्न झाल्यापासून ती माझं वादन ऐकते आहे आणि तेव्हापासून एकच अभिप्राय देते आहे: “शू!” कधी मुलं अभ्यासाला बसलीत म्हणून, कधी बातम्या लागल्यात म्हणून, कधी उगाचच, सवय म्हणून. मी बिचारा पट्टी उचलतो आणि गिटार पलंगाखाली सारतो. चार माणसांत बसून एकदा, फक्त एकदा, भूपातली माझी ती धून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवावी आणि मधे कोणी शू म्हणू नये, यापलीकडे मी देवाकडे काही मागितलेलं नाही. बढतीसुद्धा मागितलेली नाही, कारण ती मागून मिळत नाही.

तर देशात टीव्ही रंगीत झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीचा वर्धापनदिन, त्यानिमित्त रविवारी आवारात सत्यनारायण आणि पुढे करमणुकीचे कार्यक्रम. पहिला कार्यक्रम महिला भजनी मंडळाचा. मुख्य गायिका सौ. कुंदा पेडणेकर, आयुष्यात पहिल्यांदाच. आणि त्यानंतर, फळ्यावर खडूने स्वच्छ लिहिलेलं मी स्वतः तीनदा खाली जाऊन वाचून आलो, ‘श्री. नंदकुमार पेडणेकर यांचे गिटारवादन’.

उघड्या आवारात, पोरांच्या गोंगाटात गिटार ऐकू जायची तर अ‍ॅम्प्लिफायर हवा. माझा एक मावसभाऊ गोरेगावच्या एका स्टुडिओत सेटची सुतारकी पाहतो. त्याने निरोप धाडला, “दादा, इथं भंगारात गिटारचा एक अ‍ॅम्प्लिफायर निघालाय. परदेशी आहे, व्हॉल्व्हचा. नेतोस तर ने, नाहीतर त्यात कोणीतरी कोंबड्या पाळेल.” मी टेम्पो करून तो पेटारा घरी आणला. वजनाच्या बाबतीत मी अंदाजाने बोलत नाही, पण तिसऱ्या मजल्यावर चढवताना माझ्या कमरेने जे सांगितलं त्यावरून तो गोदरेजच्या कपाटाचा सख्खा भाऊ असावा.

व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या. बटण दाबलं तर आधी काहीच झालं नाही. मग नळ्या हळूहळू लालसर झाल्या, छान ऊब सुटली, आणि आतून आवाज आला: घूं...

मला वाटलं सोसायटीचा पाण्याचा पंप लागला. खिडकीतून वाकून पाहिलं, पंप बंद. गिटार जोडली, एक तार छेडली. सूर काय सुंदर निघाला! पण त्याच्या मागे घूं. सूर विरला, घूं उरली. गिटार काढून टाकली तरी घूं आपली जागच्या जागी. मी प्रमाणाचा माणूस, त्यामुळे पहिलं काम हे केलं की सूर लावायची तोंडाने फुंकायची माझी शिट्टी काढली आणि ही घूं घूं कुठल्या पट्टीत आहे ते ताडून पाहिलं. तर ती धड पांढरी पाच नाही, धड काळी चार नाही. पेटीवरच्या या दोन पट्ट्यांच्या बरोबर फटीत! म्हणजे किलोच्या वजनात नऊशे ऐंशी ग्रॅम भरल्यासारखं झालं हे. माझा अगदी संताप झाला. आवाज करायचाच आहे ना, मग कर बाबा, पण निदान प्रमाणित सुरात तरी कर!

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की चहा घ्यायचा आणि पेटारा चालू करून घूं घूं कुठून येते ते शोधायचं, हा माझा क्रम झाला. भिंतीपलीकडे दत्ताराम तावडे राहतात. गिरणीतून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे, आणि भजनी मंडळाचे सर्वेसर्वा. नेमक्या त्याच वेळेला त्यांच्याकडे बायकांची तालीम असायची. दत्तारामांची बाजाची पेटी होती लालबागला दुरुस्तीला, कारण तिच्या भात्याला उंदराने भोक पाडलं होतं. त्यामुळे तालीम नुसत्या टाळ-मृदंगावर. मी आपला शरमून एकदा म्हटलं, “दत्तारामकाका, माझ्या पेटाऱ्याचा तुम्हाला त्रास होत असेल.”

“त्रास कसलो, पेडणेकरानू?” काका म्हणाले. “पयले दोन दिस वाटलो. आता तुमचो भुंगो इलो नाय तर चुकल्यासारख्या वाटता.”

हा मी त्यांचा मोठेपणा समजलो. कुंदा मात्र त्या दिवसांत तालमीहून भलतीच खुशीत परत यायची. आधी तिचा सा म्हणजे पहिल्या ओळीला एक आणि तिसऱ्या ओळीला दुसराच. आता ती पदर खोचून पोळ्या लाटता लाटता म्हणायची, “अहो, आज सा कसा आपोआप लागला! शोधावाच लागत नाही हल्ली. देवाची कृपा, दुसरं काय!” मी एकीकडे स्क्रू पिळत “हं” म्हणायचो. माझं चित्त घूं घूंवर.

आता सल्ले. इमारतीत कोणाकडे काही बिघडलं की आमच्याकडे प्रथम लवू परबला बोलावतात, कारण लवू ‘पवईला असतो’. तिथल्या त्या मोठ्या इंजिनियरिंगच्या संस्थेत. आता लवू तिथे वसतिगृहाच्या मेसमध्ये धान्यकोठी सांभाळतो, ही गोष्ट निराळी. पण देशाचे भावी इंजिनियर ज्याच्या हातचे तांदूळ खातात त्याला मिक्सर कसा कळणार नाही, असं आमच्या सोसायटीचं मत आहे. लवूचंही तेच मत आहे. त्याने पेटाऱ्याला कान लावला, दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, “नंदूशेठ, एसी घुसलाय डीसीमध्ये.”

“मग?”

“मग काय! बाहेर काढायचा.”

त्यासाठी त्याने एकेक व्हॉल्व्ह उपटून बघायचं ठरवलं. पहिलाच व्हॉल्व्ह त्याने उघड्या हाताने धरला आणि “आयच्या गावात!” म्हणून असा ओरडला की भिंतीपलीकडे मृदंग थांबला. व्हॉल्व्ह तापतो, हे पवईला कोणी सांगितलं नसावं. मग कुंदाचं पोळ्यांचं फडकं घेऊन आम्ही सगळे व्हॉल्व्ह काढले, पुसले, परत बसवले. घूं घूं होती तशीच राहिली, फडक्याला मात्र चार भोकं पडली.

पुढे भांडुपचा चंद्रप्रकाश रेडिओवाला आला. त्याचा आत्मविश्वास मी आजवर मंत्र्यातसुद्धा पाहिलेला नाही. “साहेब, कंडेन्सर गेला ना याचा! आपून नवा टाकतो. एकदम मक्खन वाजेल. टेन्शन लेनेका नाय.” त्याने पेटाऱ्याचं पोट फाडलं, वास येईपर्यंत कथलाचे डाग दिले आणि बटण दाबलं. घूं घूं होतीच, आता तिच्या आतून एक बाईमाणूस अगदी स्पष्ट म्हणालं, “लाल कांदा, आवक साधारण, भाव स्थिर.” पलीकडे बायका विठ्ठलाला आळवत होत्या, इकडे मोसंबी आणि तूरडाळ. चंद्रप्रकाश क्षणभरही डगमगला नाही. “बघा साहेब,” तो म्हणाला, “फुकटमध्ये रेडिओपण बसवून दिला!” त्याला परत पोट फाडायला लावून तो कांदा बाहेर काढेपर्यंत आणखी एक संध्याकाळ गेली.

मग मी स्वतःच शास्त्रीय पद्धतीने तपास सुरू केला. घरातल्या एकेक वस्तूवर संशय घ्यायचा आणि ती बंद करायची. ट्यूबलाइट बंद केली. पंखा बंद केला. देव्हाऱ्यातला लाल झीरोचा दिवा बंद केला, तर कुंदा लाटणं घेऊनच आली. “देवाचा दिवा घालवता? गिटारीपायी? लाज वाटत नाही?” मी म्हटलं, “अगं, शास्त्र आहे हे.” ती म्हणाली, “मग शास्त्राची बटणं बंद करा, देवाची नको.” फ्रीजही बंद केला आणि विसरलो, दूध नासलं, त्या दिवशी आम्ही बिनदुधाचा चहा प्यायलो. त्याबद्दल मी इथे जास्त काही बोलू इच्छित नाही.

फ्रीजवरून आठवलं. आमच्या इमारतीत फ्रीज उघडताना पायात रबरी सपाता घालायची पद्धत आहे. नवीन सून घरात आली की तिला कुलदैवत कोणतं ते नंतर सांगतात, आधी सांगतात, “फ्रीज चावतो हं, सपाता घाल.” सगळ्यांचेच फ्रीज चावतात. इस्त्री चावते, मिक्सर अधूनमधून चावतो. पाऊस पडला की जास्त चावतात. का चावतात, असा प्रश्न कोणाला पडला नव्हता. कुत्रा का चावतो असं कोण विचारतं? मलाही पडला नव्हता, आणि मी तर सरकारी निरीक्षक.

तर अशा सगळ्या तपासणीत फक्त एकच प्लग बघायचा उरला होता, मोरीच्या दाराशी असलेला. मी पेटारा तिथे ओढला, गिटार मांडीवर घेतली, डावा हात तारांवर. मोरीतला नळ ठिबकत होता आणि ती टपटप माझ्या निरीक्षणात व्यत्यय आणत होती. म्हणून मी बसल्या बसल्या उजवा हात लांब करून नळ पिळला.

पुढचं सगळं एकदम झालं. उजव्या कोपरापासून डाव्या कोपरापर्यंत सणसणीत मुंग्या धावल्या, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि घूं घूं थांबली! पूर्ण शांतता. मी नळ सोडला, घूं. मी, वेड्यासारखा, परत नळ धरला. मुंग्या, काजवे, शांतता.

“कुंदा! थांबली!” मी ओरडलो.

“काय थांबलं? काळीज?” म्हणत ती धावली आणि माझा अवतार बघून मटकन खालीच बसली. “अहो, सोडा तो नळ! नका हो असं करू! मला नको ती गिटार, नको तो सत्यनारायण!” तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. मी तिला समजावलं, आणि लवूला बोलावलं.

लवूने एका दमात निकाल दिला, “अर्थिंग! मी पहिल्यापासून म्हणत होतो.” तो पहिल्यापासून काय म्हणत होता ते मी वर लिहिलंच आहे. पण या खेपेला तो बरोबर निघाला. प्लगचा खोका उघडून पाहिला, तर तीन भोकांपैकी दोन भोकांना वायरी, आणि तिसऱ्या मोठ्या भोकामागे नुसती भिंत. बिल्डरने ते शोभेसाठी ठेवलं होतं. सबंध इमारतीतून एकही वायर जमिनीत गेली नव्हती. म्हणजे वीज घरात यायची, आणि उरलीसुरली जमिनीत जायला वाट न मिळाल्यामुळे फ्रीजच्या दारात उभी राहून आम्हाला चावायची. माझ्या पेटाऱ्यात ती घूं घूं करत होती.

उपाय सोपा होता. पेटाऱ्याच्या पत्र्यापासून एक वायर काढून मी ती मोरीच्या नळाला गुंडाळली. घूं घूं बंद! मी धून सुरू केली आणि जेमतेम दुसऱ्या ओळीवर आलो असेन नसेन, तर दारावर थापा. दारात सोसायटीचे सेक्रेटरी मार्तंडराव टिपणीस. ते निवृत्त झाले तेव्हा कचेरी त्यांना सोडून गेली, पण त्यांनी कचेरीला सोडलं नाही.

“पेडणेकर,” ते थंडपणे म्हणाले, “आमच्या हिला नळ चावला.”

“फ्रीज तर रोजच चावतो की, टिपणीससाहेब.”

“फ्रीज चावणं निराळं. फ्रीज ज्याचा त्याचा असतो. नळ सामाईक आहे.”

मी वायर काढली, घूं घूं परत आली. टिपणीसांनी ती डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, “रविवारी हे चालणार नाही. पाहुणे येणार, शेजारच्या तीन सोसायट्यांची मंडळी येणार. मंचावर तुमचा हा पेटारा एकदा, फक्त एकदा घूं म्हणाला, की तुमचं वादन रद्द. पुन्हा चर्चा नाही.”

आता जमिनीत खड्डा खणून रीतसर अर्थिंग करणं आलं. मी वीज कार्यालयात गेलो. खिडकीतला गृहस्थ म्हणाला, “मीटरच्या अलीकडचं तुमचं, पलीकडचं आमचं. खड्डा अलीकडचा.” म्हटलं, ठीक. सोसायटीकडे अर्ज केला. टिपणीस म्हणाले, “आवार सोसायटीचं आहे, पण जमीन अजून बिल्डरच्या नावावर आहे. त्याची परवानगी आणा.” बिल्डर कुठे? तर दुबईला. म्हणजे मुलुंडात हातभर खड्डा खणायला मला दुबईची परवानगी हवी होती! मी उद्वेगाने म्हणालो, “मग सत्यनारायणाच्या मांडवाचे बांबू रोवायला तुम्ही खड्डे खणता, ते कोणाच्या परवानगीने?”

टिपणीसांचे डोळे चमकले. नियमातली फट सापडली की त्यांना होणारा आनंद मी जवळून ओळखतो, कारण आमच्या खात्यातही तोच एक आनंद शिल्लक आहे. “मांडवाच्या खड्ड्यांना परवानगी लागत नाही,” ते सावकाश म्हणाले. “मंचाच्या डाव्या बांबूशेजारी एक खड्डा जास्तीचा खणला गेला, तर तो मांडवाचाच खड्डा. त्यात तुम्ही काय घालता ते मी पाहिलेलं नाही.”

मांडव उभा राहायचा होता शनिवारी. त्या शनिवारी अमावास्या होती. कोणी त्या दिवशी मांडव घालत नाही, म्हणूनच मांडववाला स्वस्तात आला होता. हे माझ्या ध्यानात राहिलं नाही, ही माझी चूक. अर्थिंगच्या खड्ड्यात तांब्याचा पत्रा उभा पुरतात आणि भोवती एक थर कोळसा, एक थर जाडं मीठ, असं भरत जातात आणि वर पाणी घालतात. ओल टिकते आणि वीज नीट मुरते. यात काही गूढ नाही, कुठलाही वायरमन सांगेल. पण दिवेलागणीची वेळ, अमावास्या, आणि खड्ड्याशी उकिडवा बसून मूठ मूठ मीठ टाकणारा टकला माणूस, हे चित्र दुरून कसं दिसत असेल याचा विचार मी केला नव्हता. मान वर केली तर भोवती अख्खी सोसायटी गोळा झालेली. आयांनी पोरं मागे ओढून धरलेली.

दत्तारामकाका पुढे आले. “पेडणेकरानू, अवसेच्या तिनसांजेक मीठ नि कोळशे पुरतास? कोणावर करतास ह्या?”

“काका, कोणावर नाही हो! पेटाऱ्यासाठी आहे. घूं घूं जाण्यासाठी.”

“म्हणजे पेटाऱ्यावर कोणी केलेला हा?”

“नाही, काका! वीज जमिनीत...”

“आमका शिकवू नका,” काका म्हणाले. “केलास ता केलास, पण बिनगाऱ्हाण्याचा तसाच ठेवलास तर उद्या पूजेत इघ्न येतला. थांबा थयसरच.” त्यांनी घरून नारळ मागवला, टोपी सारखी केली, खड्ड्यापुढे हात जोडून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली:

“बा देवा म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सबंध सोसायटी म्हणाली. टिपणीससुद्धा.

“आज ह्या जाग्यार ह्या लेकरान जो काय खड्डो खणलो हा, मीठ-कोळसो घातलो हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“ह्येच्या पेटाऱ्यात जी काय घूं घूं इली हा, ती कोणी केल्यान आसात, करवल्यान आसात, नायतर ह्येचाच काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल, आणि ती घूं घूं बारा वाटेन घालवन टाक रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सगळ्यात मोठ्याने मी म्हणालो. एवढ्या संध्याकाळी फुकट गेल्यावर माणूस शास्त्रावर अडून बसत नाही.

नारळ फुटला. लवूने पेटारा खाली आणला, टिपणीसांच्या घरातून वायर ओढली, मी पेटाऱ्याची तार खड्ड्यातल्या तांब्याच्या पत्र्याला जोडली आणि बटण दाबलं. नळ्या लाल झाल्या. सगळे श्वास रोखून उभे. काही नाही. पेटारा गुपचूप. टिपणीसांनी कान लावला, पेटाऱ्यावर दोनदा थोपटलं आणि म्हणाले, “पास.” दत्तारामकाकांच्या पाया पडायला रांग लागली. खड्डा मी खणला होता, पण तिकडे कोणी बघायला तयार नव्हतं.

रविवारी पूजा झाली. लालबागहून पेटी सकाळीच आली होती, नवाकोरा भाता लावून. आदल्या संध्याकाळपासून बायका शिऱ्याचा रवा भाजण्यात गुंतलेल्या, त्यामुळे पेटीबरोबर तालीम अशी झालीच नव्हती. मंडळ मंचावर बसलं. मधे कुंदा, नऊवारी, नथ, कपाळाला घामाचे थेंब. समोर शेजारच्या तीन सोसायट्या. मी मंचाच्या डाव्या बाजूला पेटाऱ्याशेजारी गिटार घेऊन, माझ्या पाळीची वाट बघत. पेटारा तापून तयार, आणि गप्प.

दत्तारामकाकांनी काळी चार दाबली. कुंदाने सुरुवात केली. तिचा सूर पेटीच्या थोडा खाली. काकांनी लगेच पांढरी पाच दाबली, तर आता तो थोडा वर. मागच्या अर्ध्या बायका पेटीकडे गेल्या, अर्ध्या कुंदाबरोबर राहिल्या. दुसऱ्या ओळीला तिसराच कोणीतरी पक्ष निघाला. काका पेटीकडे रागाने बघत पुटपुटले, “लालबागवाल्यान वाट लावल्यान!” समोरच्या रांगेत दोन पाहुण्या तोंडाला पदर लावून हसल्या. कुंदा थांबली. परत सुरू झाली. परत थांबली. सा शोधत होती ती, आणि तो कुठेच नव्हता. तिने भेदरून इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं.

आणि मला लख्ख कळलं. पांढरी पाच नाही, काळी चार नाही, बरोबर मधली फट! इतके आठवडे रोज संध्याकाळी भिंतीतून जो सूर त्या बायकांच्या कानांत मुरला होता, तो देवाच्या कृपेचा नव्हता, माझ्या पेटाऱ्याचा होता. आणि तो सूर मी काल मीठ-कोळसा घालून जमिनीत पुरला होता.

माझ्या पायाशीच ती तार होती. बांबूपलीकडे टिपणीस उभे होते, हाताची घडी घालून. त्यांची अट मला तोंडपाठ होती. एकदा, फक्त एकदा. मी मांडीवरच्या गिटारीकडे पाहिलं. खरं सांगतो, मी लगेच काही केलं नाही. एवढ्या वर्षांनी फळ्यावर नाव लागलं होतं हो माझं! पण कुंदा अजून माझ्याकडेच बघत होती.

मी तार उपटली.

घूं...

टिपणीसांची घडी सुटली. पण त्याआधी कुंदाची मान ताठ झाली होती. तिने डोळे मिटले, आणि सा असा लावला की काय सांगू! अख्खं मंडळ तिच्या मागे एका सुरात, जणू दत्तारामकाकांच्या बाहेरच्या खोलीतच बसलं आहे. काकांनी क्षणभर कान दिला, “अगो बाय माझे, भुंगो इलो!” म्हणाले, पेटीचं झाकण लावलं आणि टाळ उचलले. भजन असं रंगलं की पाहुण्या बायकांनी पदर खाली घेऊन ठेका धरला. आणखी एक म्हणा, आणखी एक म्हणा, असा आग्रह झाला. मी पेटाऱ्याच्या आवाजाच्या बटणावर बोट ठेवून, श्वाससुद्धा बेताने घेत, एकच सूर सांभाळत बसलो होतो.

टाळ्या झाल्या. टिपणीस माइकवर आले. सौ. पेडणेकरांचं कौतुक केलं, मंडळाचं केलं, “तंबोऱ्याची साथ फारच सुरेल” असंही म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, “यानंतरचा कार्यक्रम काही तांत्रिक कारणाने रद्द झाला आहे. प्रसाद घेऊनच जावे.” मंडळी उठली. शिऱ्याच्या पातेल्याकडे रांग लागली. खुर्च्या रिकाम्या झाल्या. मी गिटार पिशवीत घालायला लागलो. राग आला होता, पण कोणाचा ते कळत नव्हतं.

“अहो.” कुंदा मंचाखाली उभी होती, हातात शिऱ्याचा द्रोण. “काय करताय? वाजवा की.”

“रद्द झालंय. ऐकलं नाहीस?”

“मी कुठे रद्द केलंय?” ती पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर जाऊन बसली.

“अगं, घूं घूं येतेय मागे.”

“येऊ दे की. आम्हाला चालली, तुम्हालाच काय झालं?”

मी पुन्हा मांडी घातली. गिटारीच्या तारा आजवर मी शिट्टीवर लावायचो, प्रमाणात. त्या दिवशी पहिल्यांदा त्या घूं घूंवर लावल्या. किल्ल्या जराशा सैल केल्या मात्र, तारा त्या फटीत अलगद जाऊन बसल्या. मी पट्टी ठेवली आणि भूपातली धून सुरू केली. समोर सगळ्या खुर्च्या रिकाम्या आणि मधोमध कुंदा, मांडीवर द्रोण, शिऱ्याला हात न लावता.

दुसरा चरण संपता संपता प्रसादाच्या रांगेतून टिपणीसांचा खडा आवाज आला, “पेडणेकर! अहो, तो तंबोरा अजून बंद नाही का केलात?”

कुंदा गर्रकन मागे वळली. नथ हलली. बोट ओठांवर गेलं, आणि इतकी वर्षं जो शब्द मी तिच्या तोंडून फक्त माझ्यासाठी ऐकत आलो होतो, तो तिने सेक्रेटरींसकट अख्ख्या सोसायटीला ऐकवला:

“शू!”

रांग एकदम चिडीचूप झाली. मी धून शेवटपर्यंत वाजवली.